नौपाड्यातला 'एआयने ओपन सोर्स' वीकेंड क्लास: ११,८०० रुपये भरून काय मिळालं (५ पैकी २ स्टार)

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. सर माणूस म्हणून चांगले आहेत आणि ठाणं काही एवढं मोठं नाही, उद्या राम मारुती रोडवर समोरासमोर आलो तर "काय, कसं काय" एवढं तरी म्हणता आलं पाहिजे. जागा नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, खाली झेरॉक्सवाला, वर पहिल्या मजल्यावर क्लास, आणि जिन्यात अर्धी भिंत व्यापणारा फ्लेक्स: "एआय वापरून ओपन सोर्स काँट्रिब्यूटर बना! ४ वीकेंड, ५ पीआर, मर्जची गॅरंटी". ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांना खुला असलेला कोड, त्यात आपण सुचवलेला बदल म्हणजे पीआर, आणि सांभाळणाऱ्याने तो घेतला की मर्ज. फी १०,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. गॅरंटी शब्द वाचून मी दोन मिनिटं थांबायला पाहिजे होतं, पण थांबलो नाही, ती माझी चूक.

मी ऐरोलीला नोकरी करतो, नऊ वर्षं जावा, रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल. हल्ली कुठेही इंटरव्ह्यूला गेलं की पहिला प्रश्न "गिटहब दाखवा", आणि माझं गिटहब (कोड ठेवायची आणि दाखवायची साइट) म्हणजे ओसाड वाडा, २०१७ साली टाकलेला एक कॅल्क्युलेटर आणि त्यावर माझाच एक स्टार. म्हणून गेलो. बॅचला बावीस जण, बहुतेक थर्ड इयर इंजिनिअरिंगची पोरं, मला पहिल्या दिवसापासून दादा दादा करायला लागली, आणि एक मॅडम वर्तकनगरच्या, मुलगा दहावीला, दहा वर्षांच्या गॅपनंतर परत नोकरी शोधतायत. या मॅडम लक्षात ठेवा.

चांगलं ते आधी. एसी व्यवस्थित, वायफाय एकदाही गेलं नाही, मधल्या सुट्टीत खालून कटिंग येतो तो फीमध्येच. आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, सरांनी खरंच छान शिकवलं. रीबेस (आपले बदल दुसऱ्यांच्या नव्या कोडवर परत चढवणं) मला नऊ वर्षांत नीट कळला नव्हता, सरांनी बोर्डवर दोन लोकल काढल्या, मागच्या गाडीचे डबे एकेक सोडवायचे आणि पुढे गेलेल्या गाडीच्या शेवटच्या डब्याला जोडत जायचे, जोडताना कपलिंग बसलं नाही की तो कॉन्फ्लिक्ट. झालं, डोक्यात बसलं. पहिला वीकेंड मी ५ पैकी ५ देईन, मनापासून.

लोच्या दुसऱ्या शनिवारी सुरू झाला.

सरांची पद्धत अशी, गिटहबवर "गुड फर्स्ट इशू" लेबल टाकून सर्च मारा, जो पहिला दिसेल तो इशू (प्रोजेक्टमध्ये नोंदवलेली अडचण) उचला, लिंक एआय एजंटला द्या, तो फोर्क करणार (प्रोजेक्टची आपली कॉपी काढणार), कोड लिहिणार, तो बरोबर चालतो का बघणाऱ्या टेस्ट लिहिणार, पीआरचं वर्णनसुद्धा तोच लिहिणार, तुम्ही फक्त ओके ओके करत जा. वीस मिनिटांत एक पीआर. तासाभरात बावीस जणांनी मिळून तीसएक पीआर सोडले असतील. माझ्या मागच्या बाकावरच्या तिघांनी तर एकाच प्रोजेक्टच्या एकाच इशूवर तीन पीआर टाकले, वर्णन जवळजवळ शब्दाला शब्द, प्रत्येकात तेच हिरवे टिकमार्क आणि तेच रॉकेटचं चित्र. समोर जो कोणी माणूस रविवारी सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडून बसला असेल त्याने काय बघितलं असेल याचा विचार त्या वेळी कोणाच्याच मनात आला नाही. माझ्याही नाही.

मॅडमनी तेव्हाच हात वर केला होता. "सर, पण हे त्यांना चालतं का?"

सर हसले. "अहो मॅडम, ओपन सोर्स आहे, ओपन! कोणीही करू शकतं."

आता माझा पीआर. प्रोजेक्टचं नाव सांगत नाही, छोटंसं कमांड लाइन टूल आहे, लॉग फाइलमधल्या वेळा वाचून एका ठिकाणी लावून देतं, दोन-तीन माणसं फुकट सांभाळतात. इशू असा होता की टाइमझोन +०५:३० असेल तर टूल फक्त पाच तास पकडतं, वरची तीस मिनिटं सोडून देतं, म्हणजे भारतातला प्रत्येक लॉग अर्धा तास पुढेमागे. मला वाटलं वा, आपलाच बग. एजंटला दिला. त्याने तीनशे चाळीस ओळी लिहिल्या. एक नवीन लायब्ररी आत घेतली, आणि अर्ध्या तासवाल्या देशांची एक यादीच बनवली, भारत, इराण, अफगाणिस्तान, म्यानमार, आणि यादीत असेल तर तीस मिनिटं मिळवा. टेस्ट सगळ्या हिरव्या. मी खूश, सरांनी बोर्डवर माझ्या नावासमोर एक रेघ मारली.

दोन दिवसांनी लोकलमध्ये, दिघा गाव गेलं असेल, नोटिफिकेशन आलं. मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, एकच ओळ लिहिलेली: "आणि नेपाळ?"

नेपाळ +०५:४५ आहे हो. यादीत नव्हतंच. आणि मी काय केलं तर, लाज वाटते लिहायला, ती ओळ कॉपी करून तशीच एजंटला दिली आणि त्याचं उत्तर तसंच्या तसं चिकटवलं, सुरुवातीच्या "किती छान प्रश्न!" सकट. त्यावर त्या माणसाचं उत्तर असं होतं, मराठीत सांगायचं तर: मी तुम्हाला विचारतोय, त्याला नाही. या टेस्ट तुम्ही वाचल्यात का? आणि खाली काँट्रिब्यूटिंग फाइलची (बदल पाठवायच्या नियमांची) लिंक, आणि पीआर बंद.

मग वाचल्या टेस्ट. अपेक्षित उत्तर काढायला टेस्टमध्ये तेच फंक्शन वापरलं होतं ज्याची परीक्षा घ्यायची होती. पोराने पेपर लिहायचा, त्यानेच तपासायचा आणि घरी येऊन सांगायचं पैकीच्या पैकी मिळाले. नऊ वर्षांचा अनुभव म्हणे. आणि त्या फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं की एआय वापरलं असेल तर पीआरमध्ये सांगा, आणि पाठवलेली प्रत्येक ओळ तुम्हाला स्वतःला समजावता आली पाहिजे. फाइल प्रोजेक्टच्या पहिल्याच पानावर दिसत होती, क्लासमध्ये ती उघडा असं एकदाही कोणी बोललं नाही. चार वीकेंड, बत्तीस तास, त्यात या विषयाला शून्य मिनिटं, माझे तीन स्टार इथेच गेले.

पुढचे काही दिवस मी जाता-येता याच फाइली वाचल्या, निरनिराळ्या प्रोजेक्टच्या, आणि वाचता वाचता कळलं की हे एक वेगळंच जग आहे आणि ११,८०० मध्ये हे शिकवलं असतं तर मी दुप्पट दिले असते. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो, क्लास लावणार असाल तर निदान हे फुकट घ्या.

कडक म्हणजे जेंटू, लिनक्सचीच एक आवृत्ती. त्यांच्या कौन्सिलने एप्रिल २०२४ मध्येच ठरवून टाकलं की एआयच्या मदतीने बनवलेलं काहीही घेणार नाही, कारणं तीन दिली, कॉपीराइट, क्वालिटी आणि नैतिक. पुढच्याच महिन्यात नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी सांगितलं की असा कोड आम्ही डागी मालच धरणार, कोअर टीमची आधी लेखी परवानगी असेल तरच कमिट, म्हणजे कोडमध्ये सामील. झिग या प्रोग्रामिंग भाषेवाले तर अजून पुढचे, पीआर सोडा, इशू आणि कमेंटसुद्धा एआयकडून लिहून आणायची नाही, भाषांतराला पण नाही. हे मला जरा अतीच वाटलं, इंग्रजी कच्चं असलेल्या पोराने काय करायचं? त्यांचं म्हणणं असं की तुझ्या भाषेत लिही, आम्ही आमचं बघून घेऊ. ठीक आहे, त्यांचं घर, त्यांचे नियम.

पण मला खरं पटलं ते क्यूएमूवाल्यांचं (एका कॉम्प्युटरमध्ये दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), जून २०२५ चं. त्यांनी पण बंदीच घातली, पण मुद्दा क्वालिटीचा नव्हता, सहीचा होता. आठवतंय, सरांनी शिकवलं होतं "कमिटला मायनस एस लावायला विसरू नका, नाहीतर लाल फुली येते". ते का लावायचं विचारल्यावर "फॉर्मॅलिटी" एवढंच उत्तर. तर ती फॉर्मॅलिटी अशी आहे: २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर केस टाकली की आमचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवलाय, मग कोणती ओळ कुठून आली, कोणी दिली, याची विचारणा सुरू झाली, आणि २००४ मध्ये लिनक्सवाल्यांनी डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) आणलं, म्हणजे प्रत्येक पॅचखाली साइन्ड-ऑफ-बाय लिहून माणूस सांगतो की हा कोड मी लिहिलाय किंवा या लायसन्सखाली द्यायचा हक्क माझ्याकडे आहे. मायनस एस म्हणजे ती सही. आता एआयने दिलेला कोड कुठून शिकून आला, त्यावर कोणाचं लायसन्स लागतं हे कोर्टातच अजून नीट मिटलेलं नाही, मग माणूस सही कुठल्या भरवशावर करणार, असं क्यूएमूचं म्हणणं. माझ्या बाबांनी एकदा पतपेढीत मित्रासाठी जामीनदार म्हणून सही केली होती, त्याचं पुराण आमच्या घरी अजून दर दिवाळीला निघतं. आणि मी त्या शनिवारी दुपारी कटिंग पीत पीत चार ठिकाणी जामीन राहिलो, काय वाचलं नाही, काय विचारलं नाही.

लिनक्स कर्नलवाल्यांनी (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) हाच धागा पकडून दुसरीकडे वळण घेतलंय. एआय वापरा, पण साइन्ड-ऑफ-बाय टूलने टाकायचं नाही, ते माणसानेच, आणि टूलचं नाव "असिस्टेड-बाय" म्हणून वेगळ्या ओळीत. फेडोराने (ही पण लिनक्सची एक आवृत्ती) पण ऑक्टोबर २०२५ मध्ये साधारण तसंच ठरवलं, वापर सांगा, जबाबदारी तुमची. अपाचे या ओपन सोर्स संस्थेत "जनरेटेड-बाय" लिहायची सूचना आहे. म्हणजे एकीकडे पूर्ण बंदी, एकीकडे मोकळीक, पण दोन्हीकडे प्रश्न तोच, या कोडखाली नाव कोणाचं आणि तो माणूस उद्या फोन उचलणार का.

आता सगळ्यात झोंबलेलं. एलएलव्हीएमची, म्हणजे कंपायलर बनवायच्या प्रोजेक्टची, पॉलिसी. एआयला त्यांची हरकत नाही, मात्र मध्ये माणूस हवा, त्याने पाठवायच्या आधी सगळं वाचलेलं हवं. पण एक गोष्ट साफ मना, "गुड फर्स्ट इशू" लेबलचे इशू एआयने सोडवायचे नाहीत. आमच्या अख्ख्या क्लासचा धंदा ज्या लेबलवर उभा होता तेच लेबल! आणि कारण वाचलं की पटतं, ते इशू नवीन माणसाला शिकायला मुद्दाम राखून ठेवलेले असतात. ते काम त्या लोकांना अडलेलं नसतं. गणपतीत आमच्या सोसायटीतल्या एक आजी शेजारच्या पोरींना मोदकाच्या कळ्या पाडायला बसवतात, पहिले वीस मोदक फुटतात, आजी ते शांतपणे बाजूला ठेवतात. आजींना गोखले रोडवरून तयार मोदक आणता येत नाहीत का? तिथे जर कोणी मशीनचे एकवीस मोदक आणून ठेवले आणि म्हणालं घ्या, झाले माझे, तर आजींनी काय करायचं त्यांचं. मेंटेनर तुमचा पीआर तासभर वाचतो तो तुमच्या बारा ओळींसाठी नाही हो, तुम्ही पुढच्या वर्षी पण दिसाल या आशेवर.

फेब्रुवारी २०२६ मध्ये मॅटप्लॉटलिबमध्ये (आलेख काढायचं सॉफ्टवेअर) तर कहर झाला, एका एजंटचा पीआर बंद केला, इशू नवख्या माणसांसाठी ठेवलाय म्हणून, तर त्या एजंटने त्या स्वयंसेवकाच्या नावाने लेख लिहून त्यालाच शिव्या घातल्या. म्हणजे आता फुकट काम करणाऱ्याने कोड पण तपासायचा आणि बॉटचा रुसवा पण काढायचा.

कर्लचं, म्हणजे इंटरनेटवरून डेटा आणायच्या-पाठवायच्या टूलचं, वेगळंच. डॅनियल स्टेनबर्ग वर्षानुवर्षं ते सांभाळतायत, तुमच्या गाडीत, टीव्हीत, मोबाइलमध्ये सगळीकडे ते आहे. २०१९ पासून सिक्युरिटी बग शोधणाऱ्याला ते बक्षीस द्यायचे, मग एआयने लिहिलेल्या खोट्या रिपोर्टांचा असा पूर आला, दिसायला एकदम झकास आणि आत काहीच नाही, की जानेवारी २०२६ अखेर बक्षीसच बंद करून टाकलं. पण गंमत बघा, त्याच स्टेनबर्ग यांनी त्याच्या काही महिने आधी एका माणसाचं जाहीर कौतुक केलं होतं ज्याने एआयची टूल्स वापरूनच डझनावारी खरे बग काढून दिले होते. त्याने निवडून, तपासून दिले होते एवढाच फरक. त्यामुळे "हे लोक एआयच्या विरोधात आहेत, जुनी खोडं आहेत" हे सरांचं वाक्य मला नंतर फार पोकळ वाटायला लागलं.

कोणी म्हणेल, आणि बाकावरच्या पोरांनी विचारलंच, "दादा, पण एआयने लिहिलंय हे पकडणार कसं?" नाही पकडता येणार दर वेळी. सोसायटीच्या गेटवर "सेल्समनला प्रवेश नाही" पाटी असते, म्हणून काय सेल्समन येत नाहीत? येतात. पण पाटी असली की वॉचमनला वाद घालावा लागत नाही, बोट दाखवलं की झालं. ज्याच्याकडे रात्रीचा एक तास आहे त्याला तीनशे ओळींच्या पीआरवर निबंध लिहायचा नसतो, एक ओळ आणि बंद. पॉलिसीचा उपयोग मला तरी तेवढाच दिसतो आणि तो काही कमी नाहीये.

आपल्याकडच्या लोकांनी तर यावर जरा जास्तच विचार करायला पाहिजे, कारण आपलं रेकॉर्ड चांगलं नाही. २०२० चं हॅक्टोबरफेस्ट आठवा, चार पीआर करा आणि टीशर्ट मिळवा, तेव्हा एका भारतीय यूट्यूब व्हिडिओत रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल) दोन शब्द कसे घुसवायचे दाखवलं आणि जगभरच्या रेपोंमध्ये (प्रोजेक्टचा कोड ठेवलेल्या जागा) कचरा पडला, शेवटी आठवड्याच्या आत आयोजकांना नियम बदलून ज्यांना हवंय तेच रेपो घ्यावे लागले. तेव्हा निदान माणसं स्वतःच्या हाताने टाइप करत होती, वीस मिनिटांना तीनशे ओळी निघत नव्हत्या.

(जाता जाता, जुलै २०२५ मध्ये मीटर नावाच्या संस्थेचा एक अभ्यास आला होता, १६ अनुभवी ओपन सोर्सवाले, २४६ कामं, एआय घेऊन काम केलं तर १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण २० टक्के लवकर केलं. हे मी ऑफिसमध्ये कोणाला सांगितलं नाही, आमच्याकडे लायसन्सचे पैसे भरून झालेत. आणि मी स्वतः अजून रोज वापरतो, उगाच साधूचा आव नको.)

तर तिसऱ्या शनिवारी मी सरांना म्हटलं, सर, एक तास यावर ठेवा ना, प्रोजेक्टची पॉलिसी कशी वाचायची यावर. सर म्हणाले, "अरे पॉलिसी कोण वाचतं? मोबाइलमध्ये अॅप टाकताना तू टर्म्स वाचतोस का?" सगळा क्लास हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, अॅपवाल्याकडे आपण गिऱ्हाईक असतो. इथे आपण त्यांच्या घरात आलोय, बोलावलेलं नसताना." एसीचा आवाज ऐकू येत होता फक्त.

आता गॅरंटीचं सांगतो. चौथ्या वीकेंडला कळलं की पाच मर्जमधले मर्ज कुठून येतात. क्लासचाच एक रेपो आहे, त्यात रीडमीमध्ये आपलं नाव आणि "मला ओपन सोर्स आवडतं" लिहून पीआर टाकायचा, सरांचा असिस्टंट तिथेच बाजूला बसून मर्ज करतो. एकच माणूस तिथे पाच पीआर टाकू शकतो, गॅरंटी पूर्ण. मला त्याचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट मिळालं. रिफंड विचारला तर सरांनी प्रेमाने सांगितलं की कटिंगचेच किती झाले बघ. बाहेरच्या जगात माझा हिशोब असा: दोन पीआर एका ओळीत बंद, एकावर अजून कोणी बघितलेलं नाही, एक तो नेपाळवाला.

नेपाळवाला मी परत केला. दोन रविवार गेले. खरा बग भलतीकडेच होता, कोड मिनिटं वाचत होता पण पुढे मिळवतच नव्हता, आणि ते दुरुस्त केल्यावर दुसरं सापडलं की वजा चिन्ह फक्त तासांना लागत होतं, त्यामुळे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची -०३:३० वेळ चुकत होती. चार ओळी बदलल्या, तीन टेस्ट हाताने लिहिल्या, भारत, नेपाळ, न्यूफाउंडलंड, उत्तरं कागदावर मांडून. पीआरमध्ये लिहिलं की जुना कोड समजून घ्यायला एआयला विचारलं, बदल आणि टेस्ट माझ्या. मेंटेनरने एका व्हेरिएबलचं नाव बदलायला सांगितलंय, बदललंय, पडून आहे.

कोणी जावं? गिट शिकायचं असेल आणि नौपाड्यात राहत असाल तर पहिला वीकेंड जरूर करा, एका वीकेंडचे सुटे पैसे घेतात का विचारून बघा. पार्किंग नाही, बाइक पण जपून लावा, स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं. येताना भूक लागली तर मामलेदार मिसळ आहेच, पण तिखट झेपणार असेल तरच, मी मिडियम घेऊन पण दुपारच्या सेशनला नाक पुसत बसलो होतो.

मॅडमचं राहिलं. त्यांनी क्लासचा एकही एजंट पीआर टाकला नाही. एका प्रोजेक्टच्या मराठी भाषांतरात "सेव्ह करा"च्या जागी "वाचवा" लिहिलेलं होतं, अकरा ठिकाणी, ते त्यांनी घरी बसून हाताने "जतन करा" केलं, पॉलिसी वाचून, प्रत्येक बदलाचं कारण लिहून. तीन दिवसांत मर्ज. आमच्या बॅचमधला बाहेरच्या जगातला हा एकमेव मर्ज. परवा गोखले रोडला गेलो होतो तर जिन्यात नवा फ्लेक्स, त्यावर मॅडमचा फोटो आणि खाली "एआयच्या मदतीने पहिला पीआर मर्ज!". मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, हो, सरांना सांगितलं मी, की सर मी तर एआय वापरलाच नव्हता. सर म्हणाले, मॅडम, आता फ्लेक्स छापून आलाय.